एक ते चार

सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्यात पेशंटचं नाव टाइप केलं की कार्ड उघडायला पाऊण मिनिट लागायचं. सगळी कार्डं विश्रांतवाडीच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर होती, आणि इथला प्रोग्राम एका नावासाठी तिथली अख्खी यादी फोनच्या लाइनीवरून ओढून आणायचा. यवतमाळहून सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आलेल्या साईनाथने आज नाव शोधायचं कामच सर्व्हरवर सोपवलं. आधीच्या उपायांसारखं हेही फसलं, तर कंपनी त्याला घरी बसवणार होती.

दुपारी दवाखान्याचं दार लावून रिसेप्शनवरच्या पूर्णिमाताईंनी एक नाव टाकलं. कार्ड क्षणात हजर! दुसरं टाकलं, तेही तसंच.

"अहो, हे तर उडतंय!" त्या ओरडल्या.

साईनाथने आनंदाच्या भरात विश्रांतवाडीला फोन लावला.

"सर्व्हर?" तिथले हिंदुराव जांभई देत म्हणाले. "एक वाजताच बंद केलाय. एक ते चार आम्ही बंद असतो. आपण पुण्यात नवीन का?"

साईनाथने फोन ठेवला आणि मनाला येईल ते नाव रचून टाइप केलं: उत्तरेश्वर बाळकोबा ढगे.

कार्ड लगेच उघडलं. वय एकसष्ट. भेटीची वेळ, आज एक चाळीस. शेरा, बाहेर थांबले आहेत.

भिंतीवरच्या घड्याळात एक चाळीस झाले होते. दाराबाहेर पाटी होती, 'एक ते चार बेल वाजवू नये.'

बेल वाजली नाही. दारावर कुणीतरी हळूच टकटक केली.