धुरपताचा हात

बिलोलीच्या लग्नात वरात मांडवाशी आली होती आणि देविदासचा मोबाईल कीबोर्डच्या पिशवीत वाजत होता. त्याला तो ऐकू आला नाही. गाणं संपल्यावर त्यानं पाहिलं. मेव्हणा भागवतचे फोन होते.

"दाजी, अक्का गेली," भागवत म्हणाला. "वाजवणं थांबवा आन् नांदेडला या."

सकाळी देविदासची बायको धुरपता भावाला सोबत घेऊन नांदेडला तपासून घ्यायला गेली होती. जाताना नवऱ्याला म्हणाली होती, "तुम्ही लग्नाला जा. शब्द दिलाय त्या लोकांना."

हृदयाचं दुखणं बरंच जुनं असावं, असं डॉक्टर म्हणाले. घरात कधी बोलल्या नाहीत का, असंही त्यांनी विचारलं. "न्हाई," देविदास म्हणाला.

त्यांच्या उमरी गावात केवळाबाईचा आराधी मेळा होता. मेळ्यात बायका देवीची गाणी म्हणत आणि ढोलकी धुरपता वाजवायची. आधी ढोलकी केवळाबाईकडंच होती. वातानं तिच्या उजव्या हाताची बोटं वाकडी झाली, तशी तिनं ती धुरपताकडं दिली आणि स्वतः झांज घेतली. धुरपता लग्न होऊन आली तेव्हा तिला वाजवायला शिकवलंही केवळाबाईनंच.

वर्षश्राद्धाला मेळ्यानं गायचं ठरलं. ढोलकीवर कुणाला बसवायचं, हा प्रश्न आला.

"कुणालाच बसवू नका," देविदास म्हणाला. "तिचीच ढोलकी वाजंल."

त्याच्याकडं एक रेकॉर्डिंग होतं. धुरपताच्या शेवटच्या नवरात्रातलं. मेळा देवीपुढं बसला की पुरुषांनी आत जायचं नाही, असा केवळाबाईच्या घरचा रिवाज होता. म्हणून त्यानं रेकॉर्डर धुरपताच्या हातात दिला होता आणि स्वतः अंगणात बसला होता. गाण्याआधी थोडी नुसती ढोलकी वाजव, एवढं सांगितलं होतं. लग्नात वाजवणाऱ्या त्याच्या पार्टीसाठी त्याला एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरत राहणारा तुकडा, हवा होता. नंतर कामाच्या गडबडीत ते रेकॉर्डिंग कधी ऐकलंच नाही.

आता त्यानं ते कीबोर्डवर घेतलं. स्क्रीनवर ढोलकीची लाट दिसली. एकेका ठोक्यावर रेघ मारून त्यानं तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकडा एकेका पट्टीवर बसवला. पट्टी दाबली की तेवढाच ठोका वाजे.

डाव्या हाताचा खोल घुमणारा ठोका, घुमारा, ऐकून त्याचा हात थांबला. तळहाताचा मनगटाकडचा भाग दाबून आवाज खालून वर न्यायचा, ही धुरपताची सवय होती. तो एकच तुकडा त्यानं पुन्हा पुन्हा वाजवला.

भागवत दारात उभा होता.

"अक्काच हाय," तो म्हणाला. मग आत येऊन बसला. "जिवंतपणी एकदा तरी स्टेजवर बसवायला पायजे होतं तिला. म्हणायची मला, तुझ्या दाजीला मशीन आवडतंय, बायकू न्हाई."

"म्हणायची का?"

"हसून म्हणायची."

देविदासनं हेडफोन कानाला लावला.

अडचण उजवीकडं होती. तिकडची थाप हलकी होती आणि मागं पडत होती. काही ठिकाणी तर बोटं नुसती चामड्याला लागून परत गेली होती. देविदासनं ते तुकडे पुढं ओढून तालावर आणले. आवाज वाढवला, तर मागची कुजबुज वाढली. जागेवर बसूनही थाप मेल्यासारखीच वाटत होती.

"रेकॉर्डर डावीकडं ठेवला असंल तिनं," तो भागवतला म्हणाला. "उजवा हात धड आलाच न्हाई."

"मग राहू द्या की तसंच."

"तसंच कसं? लोक म्हणतील, धुरपताला वाजवता येत नव्हतं."

शेवटी त्यानं उजवीकडचे तुकडे काढून टाकले. त्या जागी कीबोर्डमधली तयार थाप बसवली. काही ठिकाणी डावा-उजवा दोन्ही ठोके एकावर एक पडले होते. तिथं दुसरीकडचा स्वच्छ घुमारा आणून लावला. मशीनमध्ये जागा कमी होती, म्हणून सगळं जुन्यावरच सेव्ह केलं. रेकॉर्डर तर कीबोर्डवर घेतल्याबरोबर पुसून पार्टीच्या कामाला लावला होता.

लूप वाजवला. एकही ठोका चुकत नव्हता.

"आता कसं?" त्यानं विचारलं.

"लई साफ," भागवत म्हणाला आणि उठून गेला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी केवळाबाई तालीम करायला आली. देविदासनं तिला खुर्ची दिली. ती खालीच बसली.

"लाव बाबा. ऐकू दे तुझं मशीन."

त्यानं लूप लावला. केवळाबाईनं डोळे मिटले. तिचा डावा तळहात मांडीवर दाबला जाऊ लागला, बरोबर घुमाऱ्यावर. थोड्या वेळानं तो थांबला.

"हे तर मीच हाय रे," ती म्हणाली.

"तुम्ही कशा, मावशी? नवरात्रातलं हाय हे. धुरपताचा हात हाय."

"डावा माझा. तिचा डावा हात त्या वक्ताला खांद्यापासून उचलतच नव्हता. माझा उजवा तसलाच. मग एका ढोलकीवर दोघी बसलो. हसलो बी. तुला सांगू नको म्हणाली. लग्नाचे दिवस तोंडावर हायत, काम सोडून दवाखाने हिंडत बसतील म्हणाली."

लूप चालूच होता.

"उजवा तेवढा तिचा होता," केवळाबाई म्हणाली. "बारीक वाजवायची तवा, दम पुरत नव्हता. देविदास, ती बारीक थाप कुठं गेली रे?"

देविदासनं लूप बंद केला.