स्टुडिओ सुरू होत आहे

[ठीक] दार उघडले.
[ठीक] ताई दिसली.
[अपयश] ‘कशी आहेस’ सुरू होऊ शकले नाही.

त्याऐवजी बारक्याच्या तोंडून निघालं, कुठंय तो कंप्युटर? जणू फोटो स्टुडिओतला कंप्युटर माळ्यावर ठेवतात. ताईनं मानेनंच टेबल दाखवलं.

बारक्या हे नाव तो खरोखर बारका होता तेव्हाचं. आता तो बसला की खुर्ची कण्हते. पण खुर्ची त्याचीच. गेल्या वर्षापर्यंत तो इथं बसून लोकांचे ओळखपत्राचे फोटो नीट करायचा. जरा जास्तच नीट. एका आजोबांच्या कपाळावरच्या आठ्या त्यानं मायेनं पुसून टाकल्या, आणि सरकारी कचेरीतल्या खिडकीमागच्या कारकुनानं हे तुम्ही नव्हेत म्हणून आजोबांना परत पाठवलं. ताईनं भर गिऱ्हाइकांत बारक्याची हजेरी घेतली. बारक्यानंही मग मागंपुढं पाहिलं नाही. आपली जादा डिस्क कंप्युटरच्या पोटातून उपसली आणि चालता झाला.

तेव्हापासून अबोला. दोघंही एकाच आईची, म्हणजे आधी कोण बोलणार हा प्रश्नच नव्हता. कुणीच नाही.

काल मात्र फोन आला. हॅलो नाही, काही नाही. कंप्युटर सकाळी उठता उठत नाही, गिऱ्हाइकं टाय आवळून ताटकळतात, हे लिनक्स तू बसवलंस, तूच निस्तर. ठेवला.

बारक्यानं वाटेत ठरवून टाकलं. काम करायचं, चहाला नाही म्हणायचं, निघायचं. ताईनं चहा विचारलाच नाही. तेही लागलं.

त्यानं आधी नेहमीचे उपाय केले. भंगारात गेलेल्या प्रिंटरला रोज उठून हाका मारणारी एक सेवा, म्हणजे पडद्यामागचा छोटा प्रोग्रॅम, होती, ती बंद केली. ब्लूटूथ बंद केलं. जे जे कामाशिवाय सकाळी उठून बसत होतं, ते ते झोपवलं. कंप्युटर बंद करून पुन्हा लावला.

[ठीक] रिकामटेकड्या सेवा थांबवल्या.
[ठीक] कीबोर्ड, माउस, भाऊ, बहीण सापडले.
[         ]

पडद्यावर स्टुडिओचं चित्र आलं आणि तिथंच रुतून बसलं. हे चित्र बारक्यानंच लावलेलं. मागं यंत्राची काय धावपळ चालते ती गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून. त्यानं एक बटण दाबून ते बाजूला सारलं. मागून ओळींची रांग निघाली, आणि शेवटची ओळ लुकलुकत राहिली.

[वाट पाहत आहे] डिस्क ‘बारक्या’. दीड मिनिटापर्यंत.

बारक्याचे कान तापले. डिस्कला हे नाव त्यानंच दिलं होतं. जड फोटो मेमरीत मावेनासे झाले की उरलेला भार उचलायला ती डिस्क. जाताना त्यानं डिस्क नेली, पण ती येईल असं कंप्युटरला सांगणारी ओळ पुसायची राहिली. रागात कोण ओळी पुसतं? मग काय, यंत्र रोज सकाळी उठायचं, बारक्याची वाट पाहायचं, थकायचं आणि नाइलाजानं कामाला लागायचं.

मागं ताई कॅमेऱ्याची लेन्स पुसत होती. तिनं वाचलं असेल का, हे तिच्या पाठीवरून कळेना. बारक्यानं घसा खाकरला आणि डॉक्टरी आवाजात निदान सांगितलं. एक डिस्क होती, ती आता नाही, कंप्युटर तिच्यासाठी अडून बसतो. उपाय दोन. एक तर ती ओळच काढून टाकायची. नाहीतर ओळीत एक शब्द घालायचा. मग डिस्क आली तर घेईल, नाही आली तर अडणार नाही.

“आणि तिसरा?” ताईनं विचारलं.

“तिसरा कुठला?”

“ती ‘बारक्या’ डिस्क आणून लावायची.”

बारक्यानं बॅगेची चेन ओढली. आत डिस्क होती, मोज्यात गुंडाळलेली. लागली तर असावी म्हणून घेतोय, असं त्यानं निघताना स्वतःलाच बजावलं होतं, आणि दुरुस्तीला ती लागत नाही हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ताईनं मोज्याकडं पाहिलं. त्याच्याकडं पाहिलं. मग हसू लपवायला पुन्हा लेन्स पुसायला घेतली. लेन्स केव्हाच लख्ख झाली होती.

[ठीक] ‘बारक्या’ जोडले गेले.

यंत्र असं ताडकन उठलं की बारक्याला खुर्ची सरकवायलाही सवड मिळाली नाही. एक गोष्ट मात्र त्याच्या गळी उतरेना. ताईची तर पडद्याकडं पाठ होती, मग चित्रामागं ‘बारक्या’ लिहिलेलं असतं हे तिला कसं ठाऊक, असं त्यानं विचारलंच.

“तू गेलास त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मोबाइलवाल्यानं दाखवलं,” ताई म्हणाली. “म्हणाला, एक ओळ पुसली की झालं. मी म्हटलं, राहू दे. आमच्यात एकाला तरी वाट पाहायची लाज वाटत नाही.”