रेफरीची शिट्टी

रेफरीला रक्ताच्या कॅन्सरमधून वाचवलं ते फुटबॉल खेळणाऱ्या भावाने दिलेल्या पेशींनी, पण पुढे त्याच पेशी त्याच्यावर उलटल्या. कातडी ताठरली, ओठ आवळले आणि शिट्टी खिशातच राहिली. भाऊ स्वतःच गुन्हा केल्यासारखा दादाची नजर चुकवू लागला. मग डॉक्टरीणबाईंनी भावाच्याच आणखी पेशी घेतल्या, प्रयोगशाळेत त्यांना भांडण सोडवायला शिकवलं आणि नळीवाटे रेफरीच्या रक्तात सोडलं. “म्हणजे आत रेफरीच धाडलेत की,” तो कसाबसा पुटपुटला होता. आज तपासणीत बाईंनी विचारलं, “तोंड कितपत उघडतंय?” त्याने उत्तराऐवजी शिट्टी काढून अशी खणखणीत फुंकली, की बाईंच्या हातातलं पेन पडलं. दारात घुटमळणाऱ्या भावाचे दोन्ही हात मैदानावरच्या सवयीने वर गेले. “मी काही केलं नाही, दादा.” तोंडभर हसत रेफरी म्हणाला, “गाढवा, वर्षभर हेच तर सांगतोय तुला.”