बंद तिसऱ्या

खाडीतल्या तिसऱ्या, त्या खायच्या शिंपल्या, संपल्या हे वडगावात कळलं ते वारलेल्या जयाबाईचे दिवस झाल्यावर, मटण-मासळीच्या तिखटाच्या जेवणादिवशी, चुलीवरच्या पातेल्यात.

जयाबाईचं माहेर घाटाखालचं, खाडीकाठचं. तिथली रीत अशी की बाई गेली तर तिच्या भावानं खाडीतल्या तिसऱ्या घेऊन यायचं. त्यांचा रस्सा नवऱ्यानं खाल्ला की सुतक सुटलं. तोवर त्यानं कामाला हात लावायचा नाही. वडगावात असलं काही नव्हतं. पण दवाखान्यात जयाबाईनं तेवढंच मागितलं होतं आणि तिच्या नवऱ्यानं, केदारीनं, हो म्हटलं होतं.

तिचा भाऊ शामू सकाळच्या गाडीनं आला. खांद्यावर ओलं पोतं होतं. शेजारची म्हातारी बायाक्का दारातच बसली होती.

"काय रं शामू, बहिणीच्या घरला दगडं आणलास व्हय?"

"दगडं न्हवं, तिसऱ्या हाईत. तुमच्या दाताला जड जातील."

"दात हाईत कुठं माझ्या? रस्सा वाढा म्हंजे झालं."

आतल्या बायका हसल्या. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणी हसलं.

केदारीच्या लेकीनं, नीलमनं, तिसऱ्या घमेल्यात ओतल्या आणि मिठाचं पाणी घातलं. जिवंत तिसरी मिठाच्या पाण्यात जरा उघडते, जीभ बाहेर काढते आणि पोटातली वाळू टाकते. आईला हे करताना तिनं लहानपणापासून बघितलं होतं. ती घमेल्याशेजारी बसून राहिली. पाणी जसंच्या तसं राहिलं.

"मामा, जीभ काढंनात ह्या."

"प्रवासानं दमल्या असतील," शामू म्हणाला. घमेल्याकडं न बघताच म्हणाला.

दुपारी पाहुणे ओळीनं बसले. पानं मांडली. खोबऱ्याचं वाटण तयार होतं. नीलमनं तिसऱ्या पातेल्यात घालून वाफ आणली आणि झाकण काढलं. एकही उघडली नव्हती. तिनं विळीच्या टोकानं एक फोडली. आत मांस नव्हतं. काळा चिखल होता, शिंपला भरून, दाबून बसवल्यासारखा. दुसरी फोडली. तिसरी फोडली. कुजलेल्या अंड्यासारखा वास सोप्यापर्यंत गेला.

"आप्पा," तिनं हाक मारली.

केदारी आत आला. त्यानं एक शिंपला तळहातावर घेऊन बघितला.

"शामू, हे काय रं?"

शामू दारातच उभा होता. "बंद होत्या, भावोजी. बंद ती जिती, उघडी ती मेलेली. आमच्यात असंच बघत्यात. ओहोटी धरून सगळी खाडी फिरलो. जिकडं बघंल तिकडं उघड्या पडलेल्या. ह्या तेवढ्या बंद घावल्या. लई बरं वाटलं मला. म्हटलं, आक्कासाठीच ऱ्हायल्यात."

"आन तिथल्या बाया? त्या काय काढत्यात आता?"

"बाया उतरतच न्हाईत. पायाला फोड येत्यात. वरल्या अंगाला कोळंबीची तळी झाल्यात, त्यांचं पाणी आत सोडत्यात. शहराचं गटार बी आतच. काठाची झाडं वाळली. कुणाकुणाला बोलणार?"

 मग केदारीचा थोरला भाऊ भरमू बाहेरूनच म्हणाला, "असू दे रं. बाजारातनं मासळी आणा, न्हाय तर मटण आणा. तिखट म्हंजे तिखट. माणसं उपाशी बसल्यात."

त्याचंही चुकीचं नव्हतं. एक जण स्कूटर काढून मटण आणायला गेला.

केदारी मागच्या परसात गेला. शामू त्याच्या मागून गेला. केदारी साड्यांचं सूत रंगवायचा. जन्मभर तेच काम. रंगाचं उरलेलं पाणी परसातून गटारीत जायचं, गटारीतून नाल्यात. केदारी त्या गटारीकडं बघत उभा राहिला.

"आमचं हे पाणी येतंय काय रं तुमच्याकडं?"

"छे! घाट आडवा हाय न्हवं, भावोजी. तुमचं पाणी उगवतीला जातंय. ओढ्यातनं नदीत, नदीतनं मोठ्या नदीत. लई लांब. पलीकडच्या समुद्राला."

शामूला वाटलं, हे ऐकून भावोजींचा जीव हलका होईल.

"तिकडं बी खाडी असंलच की," केदारी म्हणाला. "तिकडं बी कुणाची तरी बाई तिसऱ्या काढत असंल."

शामूनं तोंड फिरवलं.

पाहुणे मटण जेवले आणि दिवस मावळायच्या आत गेले. भरमूनं एक घास केदारीच्या तोंडापर्यंत नेला. केदारीनं त्याचा हात धरून हळूच खाली ठेवला. तो म्हणाला, "अण्णा, मी तिला हो म्हटलंय."

आता महिना होत आला. रंगवायला सूत देणारा मालक दोनदा येऊन गेला. सणाचं सूत अडलंय, तुला काय झालंय, असं बोलून गेला. बायाक्का रोज विचारते, "सुतक सुटलं न्हाय व्हय रं अजून?" केदारी नाही म्हणून मान हलवतो. जयाबाई दवाखान्यात गेली त्या दिवशी कालवलेला लाल रंग परसातल्या पिंपात काठापर्यंत भरलेला आहे. तो गटारीत ओतायचा राहिला आहे.