जिल्ह्याची हद्द

गल्लीत व्हिडिओवर भुताचा सिनेमा पाहिल्यापासून पंचशीला रात्री आईचा पदर मुठीत आवळून पडायची. रिकाम्या रांजणापाशी खुट्ट झालं तरी दचकायची. त्या वाकड्या मानेच्या भुतापायी चांगुणाच्याही झोपेचं खोबरं झालं होतं. शेवटी तिनं युक्ती काढली.

"पंचे, ते भूत कुठलं, ठाव हाय का? उस्मानाबाद जिल्ह्यातलं! आता आपला लातूर जिल्हा येगळा झालाय. त्याला हद्द वलांडायची बंदी हाय."

"खरंच, आय?"

"हाव. कलेक्टरचा हुकूमच हाय तसा."

पोरीची मूठ सैल झाली. चांगुणा स्वतःच्या अकलेवर खूश होऊन कुशीवर वळली. डोळा लागतो न लागतो तोच हुंदका ऐकून ती उठून बसली.

"आता गं काय झालं, बाई?"

"दुष्काळ पडला म्हणून आबा कामाला गेलेत, ते गाव कोन्या जिल्ह्यात हाय?"

नवऱ्याच्या कामाच्या गावाबद्दल चांगुणाला पटकन खोटं सुचेना. "उस्मानाबाद," ती हळूच म्हणाली.

पंचशीलानं अंधाऱ्या दाराकडं बघितलं. मग आईला अगदी बिलगून म्हणाली, "कलेक्टरला सांग, हद्द काढून टाका म्हणावं. भूत आलं तर येऊ दे."