शिलंगणाची गाडी

इंजिन खाकरलं, कार्बोरेटरमधून फट् करून धूर ओकून गप्प झालं.

"खेळ खतम," मांजरसुंब्याहून आलेला मिस्त्री सटवा म्हणाला. "आता भंगारवालाच, ताई."

शिवकन्या बॉनेटखाली वाकलेली ती वाकलेलीच राहिली.

वडील, आप्पाराव, होते तोवर दर खंडेनवमीला या जुन्या अँबॅसिडरचा एकच भाग सोडवत: चारी प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर. तो पुसून पाटावर मांडत, हळदकुंकू वाहत. "कुणाचं हत्यार तलवार, माझं हे," म्हणत. दसऱ्याला शीव ओलांडताना त्यांची गाडी गावाच्या पुढं असे. मागच्या दसऱ्याला ते नव्हते, गाडीही निघाली नव्हती. काल धाकट्या भावानं, राधाकिशननं, सगळं त्यांच्यासारखं केलं. फक्त नारळ दगडावर आपटायचा तो डिस्ट्रिब्युटरवरच आपटला. टोपण फुटलं, आतली दांडी वाकली. वडिलांनी जपून ठेवलेला, दुसऱ्या कुठल्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर सटवानं आज बसवला. बसला तर नेमका. पण गाडी नुसते फटाके वाजवत होती.

"आज शीव ओलांडली न्हाई तर देऊन टाकू, अक्का," राधाकिशन सकाळीच म्हणाला होता.

बाहेर हॉर्न वाजला. बबनरावांची नवीकोरी गाडी दारातच आडवी उभी राहिली. मागं निम्मं गाव.

"कावून रं राधाकिशन, अडली का गाडी? दोर देऊ का? आप्पारावाची गाडी पुढं न्हाई तर न्हाई, मागं बांधून नेऊ!"

लोक हसले. राधाकिशननं मान खाली घातली. "तुमी व्हा पुढं, बबनराव."

"कुणी पुढं व्हायचं न्हाई," शिवकन्या म्हणाली. "सटवाभाऊ, पाना द्या."

सटवानं बसवलेला डिस्ट्रिब्युटर तिनं उपसून काढला. फुटका आणला आणि दोन्ही मडगार्डवर शेजारी शेजारी आडवे ठेवले.

"जुळे भाऊ हाईत," सटवा म्हणाला. "म्या बघूनच बसवला."

"अंग बघितलं तुमी. बूड न्हाई बघितलं."

दोघांच्या बुडाला इंजिनाच्या खाचेत बसणारी जीभ होती. मधोमध नाही, जरा एका अंगाला सरकलेली. तिनं दोन्ही जिभा एकाच बाजूला फिरवल्या. मग वरच्या, ठिणगी वाटणाऱ्या फिरक्या बघितल्या. एकीचं टोक रेडिएटरकडं होतं, दुसरीचं काचेकडं.

"जुळे हाईत, पण पाठमोरे," ती म्हणाली. "ज्या प्लगाची पाळी, त्याच्या समोरच्याला ठिणगी जातीय. हा परत बसवा आन् टोपणावरच्या वायरी समोरासमोर बदला. हिच्या जागी ती, तिच्या जागी ही."

"पुस्तकात असं न्हाई, ताई."

"गाडीला कुठं वाचता येतंय?"

सटवानं वायरी बदलल्या. शिवकन्या स्टेअरिंगमागं बसली. क्षणभर तिचा हात किल्लीवर नुसताच राहिला. मग तिनं ती फिरवली.

गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. ना खाकरणं, ना धूर. तो जुना, भरलेल्या गळ्याचा आवाज अंगणातून गल्लीत गेला. ओट्यावर बसलेली आई, सत्यभामा, उभी राहिली.

शिवकन्येनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बबनराव, गाडी जरा बाजूला घ्या. वाट आडवलीय तुमी."

गावानं एकच गिल्ला केला. राधाकिशन सवयीनं स्टेअरिंगच्या बाजूला आला. बहीण हलली नाही. तो वळसा घालून डावीकडं बसला.

गाडीनं शीव ओलांडली. पुढं कुणीच नव्हतं. मागं धुरळा आणि धुरळ्यात बबनराव.

दिवेलागणीला आपट्याची पानं घेऊन गाडी परतली, तेव्हा राधाकिशनची बायको वनमाला ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होती. ती गाडीच्या डाव्या दाराशी, नवऱ्याकडं, गेली.

"तिकडं न्हाई," सत्यभामा म्हणाली. "शीव जिनं ओलांडली, आधी तिला."

वनमाला गोंधळली. घरातल्या बाईला या दिवशी कुणी कधी ओवाळलं नव्हतं. ती फिरून उजवीकडं आली, ताट वर केलं आणि थांबली.

"अक्का, डोकं उघडं हाय."

शिवकन्या ओढणी चाचपू लागली. राधाकिशननं आपली टोपी काढली आणि बहिणीच्या डोक्यावर ठेवली.