भिंतीला थापलेला बर्फ

तळघरातली घर तापवणारी भट्टी पुन्हा बंद पडली. आधी नुसती घरघर, मग जाळ धरल्याचा भपका, जरा हायसं वाटावं इतकी ऊब, आणि खट्. सकाळपासून हाच खेळ चालला होता. बाहेर सास्काचेवानच्या माळावर हिमवादळ घोंघावत होतं, रस्ते बंद होते, आणि लॅरिसाचा नवरा शहरात अडकून पडला होता. दीड महिन्याच्या लेकीचं, दारकाचं, नाक हाताला गार लागलं, तेव्हा लॅरिसानं तिला आणखी एका दुलईत गुंडाळलं.

"घाबरतेस काय, पोरी?" सासरा प्रोकोप म्हणाला. "पहाटे उठून चारही भिंतींना खिडकीपर्यंत बर्फ थापलाय मी. वारा आत शिरला तर नाव बदलीन. माझ्या आईनं असल्याच बर्फाच्या आडोशानं सात पोरं जगवली."

"पण ती बंद का पडतेय, बाबा?"

"नखरे! नवीन आणलीत ना यंदा? जुनी मेली कशी मुकाट चालायची. हिच्यात एक नाजूक खटका आहे, तो रुसतो. त्याच्या दोन तारा एकत्र पिळल्या की झालं. ट्रॅक्टरला मी जन्मभर हेच केलं."

लॅरिसानं मावसभावाला फोन लावला. ऑरेस्ट भट्ट्याच दुरुस्त करायचा.

"भट्टीवरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो?"

"तीनदा."

"मग धूर बाहेर जात नाहीये. भिंतीतून पांढरा पाइप बाहेर आलाय ना, त्याचं तोंड मोकळं आहे का बघ. आणि ऐक, भट्टीत एक खटका असतो, त्याला कुणाला हात लावू देऊ नकोस. तो विषारी वायू घरात कोंडू नये म्हणून भट्टी बंद करतो. त्या वायूला वास नसतो. झोप लागल्यासारखं होतं, बस."

खिडकीपर्यंत थापलेला बर्फ! लॅरिसानं दारकाला सासऱ्याच्या हाती दिलं, कोट चढवला, फावडं उचललं.

"तारांना हात लावायचा नाही, बाबा. ऐकलंत ना?"

म्हाताऱ्यानं मान डोलावली. सुनेच्या बोलण्यावर तो नेहमीच मान डोलवायचा.

बाहेर डोळे उघडवत नव्हते. पाइप होता त्या उत्तरेच्या भिंतीशी ती चाचपडत पोचली आणि बर्फात फावडं घातलं. ते उसळून परत आलं. म्हाताऱ्याचं काम पक्कं, बर्फ धोपटून धोपटून दगड केलेला. ती रडकुंडीला येऊन घाव घालत राहिली.

भिंतीपलीकडे भट्टी सुरू झाली. घरघर, भपका. ती खट्ची वाट बघत थांबली.

खट् झालंच नाही.

दिवसभर जी चालू राहावी म्हणून तिनं देवाला साकडं घातलं होतं, ती चालू राहिली होती. "बंद पड," लॅरिसा भिंतीला म्हणाली. "बंद पड गं बाई!" भट्टी सुरळीत चालतच होती. फावडं टाकून ती धावत सुटली.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तळघराच्या जिन्यावरूनच तिला दिसलं. पक्कड हातात धरून म्हातारा हसत होता, आणि सगळ्यात उबदार जागा म्हणून कपड्यांच्या टोपलीत, भट्टीला खेटून, दारका झोपली होती.

"बघ, चालली की नाही?"

लॅरिसानं भिंतीवरचा, भट्टीची वीज तोडणारा लाल खटका खाली ओढला, टोपली उचलली, वर पळत सुटली आणि दोन्ही दारं सताड उघडली. वादळ घरात शिरलं.

"वेडी झालीस का? पोर गारठेल!"

"विष कोंडलंय घरात! तुम्ही पाइप गाडलाय, बाबा! तुमच्या बर्फाखाली!"

दारका जागी झाली आणि किंचाळून रडू लागली. तो आवाज ऐकून लॅरिसानं तिला छातीशी घट्ट धरलं.

म्हाताऱ्यानं तळघरात जाऊन तारा सोडवल्या, खटका पूर्ववत जोडला, आणि कुदळ घेऊन बाहेर गेला.

संध्याकाळपर्यंत पाइप मोकळा होऊन घर पुन्हा उबदार झालं होतं. दारका केव्हाच झोपली होती, तरी लॅरिसा जरा जरा वेळानं तिच्या नाकाशी बोट धरून बघत होती. मध्येच तिनं खिडकीतून डोकावलं. एवढ्या वादळात, हातमोजा काढून, म्हातारा पाइपाच्या तोंडाशी उघडा तळहात धरून उभा होता.